ग्रीक तत्त्वज्ञ, निसर्ग आणि जगणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राचीन ग्रीक विचारवंतांबद्दल वाचायला लागलं की ठरावीक शंका हमखास येतात. त्यांतल्या नेहमीच्या शंकांची उत्तरं इथे दिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सृष्टीबद्दल या मंडळींनी काढलेले बहुतेक निष्कर्ष आज चुकीचे ठरले आहेत. म्हणून निष्कर्षाकडे कमी आणि त्यामागे दिलेल्या कारणाकडे जास्त लक्ष द्यावं. शिवाय जग कसं चालतं हे विचारताना माणसानं कसं जगावं हा प्रश्नही यांच्या डोक्यात सुरूच असतो. ही दोन खाती त्यांनी आपल्यासारखी वेगळी केलेली नव्हती.

हे सगळे अथेन्सचे का?

नाही. सुरुवातीचे तर जवळजवळ कुणीच अथेन्सचे नव्हते. थेलीस, ॲनॅक्झिमँडर आणि ॲनॅक्झिमिनीझ हे तिघे मिलेटस या बंदराचे. ते आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर होतं. हेराक्लायटस तिथून जवळच्या एफेससचा. पार्मेनायडीस दक्षिण इटलीतल्या एलियाचा, एम्पेडोक्लीज सिसिलीतला आणि डेमॉक्रिटस उत्तरेकडच्या थ्रेसमधल्या अब्डेराचा. म्हणजे हा विचार वाढला तो समुद्रकाठच्या व्यापारी वसाहतींमध्ये, जिथे इजिप्त, बॅबिलोन आणि फिनिशियाच्या लोकांची ये-जा होती. सॉक्रेटिस आणि प्लेटो मात्र पक्के अथेन्सचे. ॲरिस्टॉटल अथेन्समध्ये परका होता आणि शेवटपर्यंत परकाच राहिला.

मिलेटस पाहायला आज गेलात तर समुद्र दिसणार नाही. मिआंडर नदीनं गाळ आणून बंदर बुजवलं आणि किनारा कित्येक किलोमीटर पुढे सरकला.

सगळं पाण्यापासून झालं असं थेलीस म्हणाला. हे तर चूक आहे. मग तो पहिला तत्त्वज्ञ कसा?

कारण त्यानं प्रश्नाचा बाज बदलला. भूकंप का होतो, याचं ग्रीकांचं जुनं उत्तर होतं पोसायडन देवाचा कोप. पृथ्वी पाण्यावर तरंगते आणि पाणी हललं की तीही हलते, असं थेलीसचं मत सांगितलं जातं. चूकच आहे, पण ही चूक तपासता येते. देवाचा राग तपासता येत नाही.

थेलीसनं स्वतः लिहिलेलं काहीही आपल्याकडे नाही. ॲरिस्टॉटल त्याच्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी लिहितो आणि पाणीच का, याबद्दल तोही अंदाजच करतो: अन्न ओलसर असतं, बीज ओलसर असतं, म्हणून असेल कदाचित. इ. स. पू. ५८५ च्या सूर्यग्रहणाचं भाकीत थेलीसनं केलं होतं असं इतिहासकार हिरोडोटस सांगतो. तेवढं गणित त्या काळी कुणाकडे होतं का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे आणि ती मला रास्त वाटते.

त्याच्या शिष्यांनी तेच पुढे चालवलं का?

इथेच खरी गंमत आहे. परंपरेनं थेलीसचा शिष्य मानला गेलेला ॲनॅक्झिमँडर गुरूचं म्हणणं सरळ नाकारतो. पाणी हेच मूळ असेल तर त्याच्या विरुद्ध असलेली आग कधी निर्माण होऊच शकली नसती. म्हणून मूळ तत्त्व ओलं नाही, कोरडं नाही, गरम नाही, थंड नाही. ते अमर्याद आणि अनिश्चित आहे. पुढे ॲनॅक्झिमिनीझ या दोघांनाही बाजूला सारून हवा हे मूळ मानतो आणि एक यंत्रणा देतो. हवा विरळ झाली की आग होते. दाट होत गेली की वारा, ढग, पाणी, माती आणि दगड. याला आधार म्हणून दिलेला प्रयोग तुम्हीही करू शकता. तोंड उघडं ठेवून हातावर श्वास सोडा, तो उबदार लागतो. ओठ आवळून फुंका, गार लागतो. अर्थ त्यानं उलटा लावला, पण पुरावा आपल्याच तळहातावर दाखवला.

ॲनॅक्झिमँडरचा सर्वांत धाडसी विचार पृथ्वीबद्दलचा आहे. पृथ्वी कशावर टेकली आहे? कशावरच नाही, असं तो म्हणतो. ती सगळ्या बाजूंपासून सारख्या अंतरावर आहे, त्यामुळे एका दिशेला सोडून दुसऱ्या दिशेला जायला तिला काही कारणच नाही. खांब नाही, कासव नाही, शेष नाही. केवळ तर्काच्या जोरावर त्यानं पायाखालचा आधार काढून घेतला. पृथ्वीचा आकार मात्र ढोलासारखा मानला, हे त्याला माफ करू.

ॲनॅक्झिमँडरनं डार्विनच्या आधी उत्क्रांती सांगितली, हे खरं का?

इतकं सरळ नाही. माणसाचं मूल फार काळ परावलंबी असतं, तेव्हा पहिला माणूस असाच उघड्यावर जन्मला असता तर जगलाच नसता, असा त्याचा तर्क. म्हणून पहिली माणसं माशांसारख्या प्राण्यांच्या पोटात वाढली आणि मोठी होऊन बाहेर आली. निरीक्षण उत्तम आहे. पण यात जाती हळूहळू बदलत जाण्याची कल्पना नाही.

एम्पेडोक्लीज जरा जवळ येतो. त्याच्या कवितेत आधी सुटे अवयव भटकतात, मग कसेही जुळतात, बैलाच्या धडाला माणसाचं डोकं लागतं, आणि ज्यांची जुळणी जमत नाही ते नष्ट होतात. यात टिकून राहण्याची गाळणी आहे, पण पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा नाही. ॲरिस्टॉटलनं ही कल्पना मांडून खोडून काढली. दात नेहमीच पुढे धारदार आणि मागे रुंद येतात. जे नेहमी घडतं ते योगायोग कसं असेल, असं त्याचं म्हणणं.

हे लोक नास्तिक होते का?

बहुतेक नव्हते. सगळं देवांनी भरलेलं आहे, असं थेलीसचंच वाक्य सांगितलं जातं. त्यांचं भांडण होतं माणसासारख्या देवांशी. झेनोफनीस हा कवी-तत्त्वज्ञ म्हणतो, इथिओपियाचे लोक आपले देव काळे आणि नकट्या नाकाचे करतात, थ्रेसचे लोक निळ्या डोळ्यांचे आणि लाल केसांचे. बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी देवांची चित्रं बैलांसारखी आणि घोड्यांसारखीच काढली असती. याच माणसानं सिराक्यूजच्या दगडखाणीत माशांचे ठसे सापडल्याचं नोंदवून, इथे कधी काळी चिखल आणि समुद्र असणार, असं अनुमान केलं होतं.

ॲनॅक्झागोरस या तत्त्वज्ञाला मात्र हे महागात पडलं. सूर्य हा तापलेला दगड आहे, पेलोपोनीज या दक्षिण ग्रीसच्या भागापेक्षा मोठा, आणि चंद्राचा प्रकाश उसना आहे, असं तो शिकवत असे. अथेन्समध्ये त्याच्यावर पाखंडाचा आरोप झाला आणि त्यानं लँप्सकसला जाऊन उरलेलं आयुष्य काढलं. गंमत म्हणजे त्याचं पुस्तक अथेन्सच्या बाजारात एका द्राख्मेला मिळत होतं, असं प्लेटोच्या लेखनात सॉक्रेटिस स्वतःच्या खटल्यात सांगतो.

वैद्यकातही हेच वारं होतं. अपस्माराला लोक ‘पवित्र रोग’ म्हणत. हिपोक्रेटिसच्या परंपरेतला एक लेखक बजावतो की हा रोग इतर रोगांपेक्षा जास्त दैवी नाही, त्याचं कारण मेंदूत आहे, आणि त्याला दैवी ठरवणारे मांत्रिक आपलं अज्ञान झाकत आहेत.

‘एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही’ हे हेराक्लायटसचंच ना?

हे रूप प्लेटोनं सांगितलेलं आहे. स्वतः हेराक्लायटसचं मानलं जाणारं वाक्य थोडं वेगळं आहे: त्याच नद्यांमध्ये उतरणाऱ्यांवरून वेगवेगळं पाणी वाहत जातं. नदी तीच राहते, आणि पाणी बदलत राहतं म्हणूनच ती नदी राहते. वाहायचं थांबलं तर तिचं डबकं होईल. तेव्हा ‘सगळं क्षणभंगुर आहे’ असा उदास अर्थ त्यातून काढायची गरज नाही. त्याचा भर आहे तो बदलाच्या आत टिकून राहणाऱ्या मापावर. आग ठरावीक मापानं पेटते, ठरावीक मापानं विझते. त्याचा अनुयायी क्रॅटिलस पुढे इतका टोकाला गेला की नदीत एकदाही उतरता येत नाही म्हणाला, आणि शेवटी नुसतं बोट हलवायचा, असं ॲरिस्टॉटल सांगतो.

डेमॉक्रिटसचे अणू आणि आपल्या कणादांचे परमाणू एकच का? कुणी कुणाकडून घेतलं?

उसनवारीचा पुरावा कुठल्याच बाजूनं नाही, आणि दोन्ही सिद्धांत नीट वाचले तर ते वेगळे आहेत हे लगेच कळतं.

ग्रीक अणुवाद जन्मला एका अडचणीतून. जे नाही त्यातून काही येऊ शकत नाही, म्हणून बदल अशक्यच आहे, असं पार्मेनायडीसनं ठासून सांगितलं होतं. डोळ्यांना बदल दिसतो तो भ्रम. यातून वाट काढायची तर काहीतरी न बदलणारं हवं आणि तरी बदलही हवा. ल्युसिपस आणि डेमॉक्रिटस यांचं उत्तर असं: अणू बदलत नाहीत, त्यांची जुळणी बदलते, आणि त्यांना हलायला पोकळी आहे. या अणूंना रंग नाही, चव नाही, वास नाही. आकार, रचना आणि स्थिती एवढंच. गोड हे रूढीनं, कडू हे रूढीनं. खरे ते अणू आणि पोकळी, असं डेमॉक्रिटस म्हणतो.

वैशेषिकांचे, म्हणजे कणादांच्या परंपरेतले, परमाणू चार प्रकारचे: पृथ्वी, आप, तेज आणि वायू. आणि त्यांना गुण आहेत. पृथ्वीच्या परमाणूला गंध असतो. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक अशी बांधणी आहे. शिवाय आत्मा हे तिथे स्वतंत्र द्रव्य आहे, तर डेमॉक्रिटसचा आत्मासुद्धा बारीक गोल अणूंचा. ‘आमचं आधीचं’ या वादात शिरण्यापेक्षा हा फरक पाहणं जास्त रंजक आहे.

पुनर्जन्म आणि शाकाहार ग्रीकांमध्येही होता म्हणतात.

होता, पण सर्वमान्य नव्हता. सामोसहून दक्षिण इटलीतल्या क्रोटनला गेलेला पायथागोरस पुनर्जन्म मानत असे. झेनोफनीस त्याची थट्टा करतो: कुणी कुत्र्याच्या पिलाला मारत होता, तेव्हा पायथागोरस म्हणाला, थांब, मारू नको, हा माझ्या मित्राचा आत्मा आहे, ओरडण्यावरून ओळखला. एम्पेडोक्लीज तर सांगतो की मी आधी मुलगा, मुलगी, झुडूप, पक्षी आणि मासा होऊन गेलो आहे. म्हणून प्राणी कापणं म्हणजे स्वकीयाला कापणं.

ही कल्पना भारतातून गेली का, असं लोक हमखास विचारतात. हिरोडोटस ती इजिप्तमधून आली असं सांगतो, पण इजिप्तच्या धर्मात अशी कल्पना आढळत नाही. भारताकडून गेल्याचाही पुरावा नाही.

दुसऱ्या टोकाला स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ होते (त्यांच्याबद्दल पुढे येईलच). प्राणी माणसासाठीच आहेत असं ते मानत. डुकराला आत्मा दिला आहे तो मांस नासू नये म्हणून, मिठासारखा, असं त्यांच्यातला क्रिसिपस म्हणाल्याचं रोमन लेखक सिसेरो लिहितो.

सॉक्रेटिसनं निसर्गाचा विषय सोडून दिला, ते का?

प्लेटोच्या ‘फायडो’ या संवादात तो कारण सांगतो. तरुणपणी त्याला या विषयाची ओढ होती. बुद्धीनं सगळं मांडलं आहे, हे ॲनॅक्झागोरसचं वाक्य ऐकून तो हरखला आणि पुस्तक मिळवून वाचलं, तर आत पुन्हा हवा, पाणी आणि तसलंच काही. मी तुरुंगात का बसलो आहे, याचं उत्तर माझी हाडं आणि स्नायू असे वाकले आहेत म्हणून, असं देण्यासारखं हे आहे, असं तो म्हणतो. खरं कारण हे की पळून न जाणं त्याला योग्य वाटलं. इ. स. पू. ३९९ मध्ये त्यानं विष प्यालं.

ॲरिस्टॉटलनं निसर्गाचं नेमकं काय केलं? त्याच्या चुकाच जास्त ऐकू येतात.

चुका आहेत. मेंदू शरीर थंड ठेवतो आणि विचार हृदयात होतो, हे त्याचंच. स्त्रियांना दात कमी असतात, हेही त्याचंच. तोंड उघडून मोजायला काय हरकत होती, हा टोमणा रास्त आहे. ईल मासे चिखलातून आपोआप होतात, असंही तो मानत होता.

पण लेस्बॉस बेटावरचा ॲरिस्टॉटल फार थोड्यांना माहीत असतो. प्लेटोच्या मृत्यूनंतर तो अथेन्स सोडून गेला आणि काही काळ या बेटावर राहिला. तिथल्या उथळ खाडीतल्या जिवांच्या कितीतरी नोंदी त्याच्या लेखनात आहेत. तो कोळ्यांशी, मधपाळांशी, शिकाऱ्यांशी बोलला आणि स्वतः प्राणी चिरून पाहिले. त्याच्या लेखनात पाचशेच्या आसपास प्राणी येतात. कोंबडीची अंडी वेगवेगळ्या दिवशी फोडून गर्भ कसा वाढतो ते त्यानं नोंदवलं: तीन दिवस आणि तीन रात्रींनंतर पांढऱ्यात रक्ताचा ठिपका दिसतो, तो धडधडतो, ते हृदय.

मुशीचं (लहान शार्कचं) उदाहरण तर मला फार आवडतं. मुशीच्या एका जातीत पिल्लू आईच्या पोटात नाळेनं जोडलेलं असतं, असं त्यानं लिहिलं. मासा आणि नाळ? पुढे कित्येक शतकं कुणी ते मनावर घेतलं नाही. १८४० च्या दशकात जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलरनं तपासून दाखवलं की ॲरिस्टॉटल बरोबर होता.

त्याची पद्धत एका प्रश्नावर उभी आहे: हा अवयव कशासाठी? बदकाचे पाय पडद्याचे का, तर पोहण्यासाठी. यासाठी बाहेरून योजना आखणारा देव त्याला लागत नाही. हेतू सजीवाच्या घडणीतच असतो. आणि किळसवाण्या प्राण्यांचा अभ्यास करायला लाजणाऱ्यांना तो हेराक्लायटसची गोष्ट सांगतो. भेटायला आलेले लोक त्याला चुलीपाशी शेकताना पाहून दारात थबकले, तेव्हा तो म्हणाला, या आत, इथेही देव आहेत.

पण गुलामगिरी निसर्गातच आहे, असंही तोच म्हणाला ना?

हो, आणि ते झाकायचं कारण नाही. काही माणसं स्वभावतःच गुलाम असतात आणि पुरुषानं स्त्रीवर सत्ता चालवणं नैसर्गिक आहे, असं तो लिहितो. ‘निसर्ग असाच आहे’ या वाक्याचा असा वापर जगात पुष्कळ झाला. आपल्या समाजाला तर हे वाक्य चांगलंच ओळखीचं आहे. त्या काळी सगळ्यांना हे मान्य होतं, असंही नाही. देवानं सर्वांना मोकळं सोडलं आहे, निसर्गानं कुणालाच गुलाम केलेलं नाही, असं अल्किडामस हा वक्ता त्याच्याही आधी म्हणून गेला होता. म्हणजे युक्तिवाद समोर होता, आणि ॲरिस्टॉटलनं दुसरी बाजू घेतली.

ग्रीकांच्या लेखनात भारतातलं काही येतं का?

येतं, आणि झकास येतं. ॲरिस्टॉटलचा मित्र थिओफ्रास्टस हा लेस्बॉसचाच. वनस्पतींवरच्या त्याच्या ग्रंथात वडाचं वर्णन आहे. तो स्वतः इकडे कधी आला नाही. सिकंदराच्या स्वारीबरोबर आलेल्यांनी ही माहिती नेली. फांद्यांतून मुळं खाली सोडणारं झाड, मुळं जमिनीत रुजून भोवती कुंपण होतं, तंबूसारखी जागा तयार होते आणि माणसं तिथे राहतातही. पारंब्या ही मुळंच आहेत, फांद्या नव्हेत, हे तो बरोबर सांगतो: त्या फिक्या, केसाळ आणि बिनपानांच्या असतात. कापसाच्या झाडाचाही उल्लेख आहे.

एलिसचा पिऱ्हो हा सिकंदराबरोबर आला आणि इथल्या नग्न साधूंना भेटला, असं त्याचा चरित्रकार लिहितो. कशाबद्दलही ठाम मत न धरता शांत राहावं, ही त्याची शिकवण. तिच्यावर त्या भेटीचा किती परिणाम झाला, यावर अभ्यासकांचे वाद सुरूच आहेत.

महाराष्ट्रात कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकट या गावच्या यवनांनी (हा शब्द मुळात ग्रीकांसाठीचा) खांब दान दिल्याचे लेख आहेत आणि नाशिकच्या पांडवलेण्यांतही एका यवनाचा लेख आहे. मात्र ते बौद्ध दानलेख आहेत, त्यांवरून प्लेटो सह्याद्रीत पोचला असं म्हणता येत नाही.

एपिक्युरस म्हणजे खा, प्या, मजा करा?

ही त्याच्या विरोधकांनी पसरवलेली कीर्ती. अथेन्सबाहेरच्या त्याच्या बागेत जेवण साधं असे. मित्राला तो लिहितो की चीजची एक लहान कुंडी पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. या बागेत स्त्रिया आणि गुलामही शिष्य म्हणून होते, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

त्याच्यासाठी सृष्टिज्ञान हे भीतीवरचं औषध होतं. विजेला आणि मृत्यूला माणूस भीत नसता, तर निसर्गाचा अभ्यास करायची गरजच नव्हती, असं तो उघड म्हणतो. म्हणून मेघगर्जनेची तो एकाऐवजी चार-पाच कारणं देतो. त्यांतलं कोणतंही चालेल, फक्त त्यात देवाचा कोप नको. मृत्यूबद्दल त्याचा युक्तिवाद दोन ओळींचा आहे: आपण असतो तेव्हा मृत्यू नसतो, मृत्यू येतो तेव्हा आपण नसतो. यानं मनाचं समाधान होतं का? माझं अर्धंच होतं. स्वतःच्या मरणाचं भय यानं कमी होईलही; जवळचं माणूस गमावण्याच्या दुःखावर त्याचा इलाज म्हणजे मैत्री आणि गेलेल्याची गोड आठवण, एवढाच.

स्टोइक म्हणतात निसर्गाप्रमाणे जगा. म्हणजे रानात जाऊन राहायचं?

नाही. त्यांच्या मते सगळं विश्व हा एकच जिवंत देह आहे, त्यात बुद्धी भरून राहिली आहे आणि माणसाची बुद्धी हा तिचाच अंश. निसर्गाप्रमाणे जगणं म्हणजे या बुद्धीला धरून जगणं, आणि ते संसारात, बाजारात, दरबारात राहूनच. सायप्रसहून आलेल्या झेनोनं इ. स. पू. ३०० च्या सुमारास अथेन्सच्या एका रंगीत ओसरीत हे शिकवायला सुरुवात केली. पुढे एपिक्टेटस हा गुलाम म्हणून वाढलेला आणि मार्कस ऑरेलियस हा रोमचा सम्राट, दोघंही याच पंथाचे.

नशिबाबद्दल त्यांचा दाखला आहे गाडीला बांधलेल्या कुत्र्याचा. गाडी जाणारच, कुत्र्यानं ठरवायचं ते एवढंच की सोबत चालायचं की फरफटत जायचं.

आजकाल रील्समध्ये स्टोइक म्हणजे भावना दाबून यशस्वी होणारा माणूस. त्यातून विश्व काढून टाकलेलं असतं. दुसऱ्याचं भलं आणि आपलं भलं वेगळं नाही, कारण दोघं एकाच देहाचे अवयव आहोत, हे मार्कस पुन्हा पुन्हा स्वतःला बजावतो. ते वगळलं की उरतो तो नुसता ताठपणा.

एवढं जुनं लेखन टिकलं कसं?

फारसं टिकलं नाही. ॲनॅक्झिमँडरचं जेमतेम एक वाक्य उरलं आहे, तेही सिम्प्लिकियस या भाष्यकारानं इ. स. सहाव्या शतकात, म्हणजे हजारावर वर्षांनी, उद्धृत केलं म्हणून. डेमॉक्रिटसनं भरपूर लिहिलं, पण हाती आहेत ते तुकडे. ॲरिस्टॉटल आणि रोमन काळातला ग्रीक वैद्य गेलन यांचं लेखन बगदादमध्ये अरबीत गेलं. गेलनच्या वैद्यकातून युनानी चिकित्सा घडली आणि ती भारतात आजही चालते. एपिक्युरसच्या पंथाचे काही ग्रंथ इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात हर्क्युलेनियमला गाडले गेले आणि कोळसा झाले म्हणूनच वाचले. त्या गुंडाळ्या आता न उलगडता स्कॅन करून वाचण्याचं काम चालू आहे.

सुरुवात कुठून करू?

पार्मेनायडीसपासून नको, तिसऱ्या पानावर सोडून द्याल. एपिक्युरसचं मेनोइकियसला लिहिलेलं पत्र तासाभरात वाचून होतं. मग सॉक्रेटिसचं न्यायालयातलं भाषण वाचा. सुरुवातीच्या निसर्गवाद्यांचे तुकडे त्यानंतर, आणि तेही एका बैठकीत नाही.